सुटलेला व्यायाम पुन्हा कसा लागला : एका माजी सैनिकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पायदळात वीस वर्षं काढून हे गृहस्थ वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी निवृत्त झाले. माझ्याकडे आले तेव्हा त्याला सव्वादोन वर्षं उलटली होती. मी फिजिओथेरपिस्ट आहे. त्यांच्या परवानगीने हे लिहितो आहे आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. आकडे मात्र माझ्या नोंदवहीतले आहेत.

ते खोलीत आले तेव्हा पाठ ताठ होती आणि हात मागे बांधलेले. मी "बसा" म्हणेपर्यंत उभेच राहिले. पण उठायची वेळ आली तेव्हा दोन्ही हातांनी खुर्चीला रेटा देऊन, श्वास रोखून उठले. एक्केचाळीस वर्षांच्या माणसाला खुर्चीतून उठायला हात लागू नयेत. पहिली नोंद मी तीच केली.

खिशातून त्यांनी एक छोटी डायरी काढली, कोपरे झिजलेली. वीस वर्षांत दिलेल्या प्रत्येक शारीरिक चाचणीची वेळ तिच्यात लिहिलेली होती. शेवटची नोंद पाच किलोमीटर धावण्याची, २२ मिनिटं ४० सेकंद. त्यापुढची पानं कोरी. "यावर परत यायचंय," ते म्हणाले आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

नोकरीत असताना रोज पहाटे शिट्टी व्हायची, हजेरी लागायची आणि पीटी सुरू व्हायची. पाठीवर वीस-पंचवीस किलो घेऊन लांबच्या चाली व्हायच्या, वर्षातून दोनदा चाचणी असायची. व्यायाम करायचा की नाही, हा प्रश्न त्यांना वीस वर्षांत एकदाही पडला नव्हता. तो निर्णय रोज दुसरं कुणीतरी घेत होतं. हे वाक्य मी आज सहज लिहितो आहे, पण ते मला उमगायला दोन महिने लागले.

निवृत्तीनंतरचे पहिले तीन महिने त्यांनी मुद्दाम आराम केला. मग एका मोठ्या इमारत-संकुलात सुरक्षा पर्यवेक्षकाची नोकरी धरली. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची आणि एक आठवडा रात्रीची. काम म्हणजे बंद खोलीत कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर बसून राहणं.

अशा नोकरीने काय होतं हे फार पूर्वीच दिसून आलं आहे. जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसवरच्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बस तीच, शहर तेच. पण दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण जास्त होतं. आमचे हे गृहस्थ काही महिन्यांत कंडक्टरचे ड्रायव्हर झाले होते.

अडचण

निवृत्तीच्या वेळी वजन ७१ किलो होतं, ते आता ८८ झालं होतं. कमरेचा घेर १०१ सेंटिमीटर, रक्तदाब १४२/९०. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीए१सी तपासणीत ६.१ टक्के आले, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. उजवा गुडघा जिना उतरताना दुखायचा आणि पाळी संपताना कंबर धरायची. तीस सेकंदांत हात न लावता खुर्चीतून किती वेळा उठता येतं हे पाहिलं, तर अकरा वेळा. जोर चौदा निघाले. पूर्वी साठ सहज निघत.

प्रयत्न त्यांनी केला नव्हता असं मुळीच नाही. दोन वर्षांत तीनदा केला होता आणि तिन्ही वेळा एकाच पद्धतीने. पहाटे पाचचा गजर, जुने बूट आणि पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर. पहिल्यांदा नवव्या दिवशी पोटरीची शीर भरली. दुसऱ्यांदा गुडघा सुजला. तिसऱ्यांदा दुखलं काहीच नाही, पण रात्रपाळीचा आठवडा आला, सकाळी सातला घरी पोचून धावायचं कधी हे कळेना, आणि सगळं आपोआप थांबलं. प्रत्येक वेळी त्यांनी काढलेला निष्कर्ष एकच : "मी आळशी झालो."

शरीराकडून पाहिलं तर गोष्ट सरळ आहे. सराव थांबला की दोन ते चार आठवड्यांतच दमसास कमी व्हायला लागतो, कारण रक्ताचं आकारमान घटतं आणि हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त पुढे जातं. ताकद त्यापेक्षा हळू ओसरते. तिशीनंतर वापर नसेल तर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू झिजतात. एकदा कमावलेली ताकद नव्याने कमावण्यापेक्षा लवकर परत येते, ही यातली चांगली बाजू. पण गोम इथेच आहे. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरांना मात्र महिने लागतात. माजी सैनिकाचं मन जुन्या वेगाने धावतं, स्नायू कसेबसे साथ देतात आणि तुटतं ते या कंडरांपाशी.

जेवणाचंही तसंच. मैदानी सरावाच्या दिवसांत शरीर ४००० किलोकॅलरीच्या पुढे खर्च करत होतं. पडद्यासमोरच्या दिवशी तो खर्च जवळपास निम्म्यावर आला, पण ताट तेवढंच राहिलं. शिवाय खाण्याचा वेग. पानावर बसल्यापासून सात मिनिटांत ते हात धुवायचे. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण वीस मिनिटं लागतात, तोपर्यंत दुसऱ्यांदा वाढलेलंही संपलेलं असायचं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय त्यांचाच होता. पुन्हा धावणं, पण या वेळी "जिद्दीने". मी तो नाकारला, कारण जिद्दीची उणीव मला कुठेच दिसत नव्हती. सुजलेल्या गुडघ्यावर हा माणूस अकरा दिवस धावला होता. दुखतंय असं सांगणं म्हणजे तुकडीच्या मागे पडणं, हे वीस वर्षांत अंगात मुरलेलं होतं.

दुसरा पर्याय गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा. एमआरआयमध्ये गुडघ्यातली गादी झिजून किंचित फाटलेली दिसत होती आणि घरच्यांना वाटत होतं की एकदाच दुर्बिणीतून काय ते करून टाकावं. मध्यम वयात झिजेमुळे आलेल्या अशा फाटीला आधी नीट आखलेला व्यायाम द्यावा, हीच आजची सर्वमान्य वाट आहे. अस्थिरोगतज्ज्ञांचंही मत तेच पडलं. गुडघा अडकत नव्हता, लॉक होत नव्हता. शस्त्रक्रिया बाजूला ठेवली.

तिसरा पर्याय जिम. तो वाईट नव्हता, पण बारा तासांची पाळी आणि जाण्यायेण्याचा वेळ धरला तर टिकला नसता. चौथा पर्याय नोकरी बदलण्याचा. तो मी बोलून दाखवला, त्यांनी मान हलवली. घर त्या पगारावर चालत होतं. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

उरली ती हळूहळू चढत जाणारी वाट : चालणं, आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम आणि बारा आठवडे धावणं पूर्ण बंद. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक सूत्रं सांगतात. आम्ही १५० वर पोचायचं ठरवलं आणि सुरुवात ६० पासून केली.

काय केलं

बारा आठवडे धावायचं नाही, हे ऐकून ते दुखावले. चालणं म्हणजे म्हाताऱ्यांचं काम, असं चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मी डायरी मागितली, कोरं पान काढलं आणि म्हटलं, "इथे नवी चाचणी लिहा. वेळ मी लावतो." दोन किलोमीटर शक्य तितक्या वेगाने चालणं, तीस सेकंदांत खुर्चीतून उठणं, जोर आणि एका पायावर उभं राहणं. दर महिन्याच्या पहिल्या सुट्टीला ही चाचणी होणार, माझ्यासमोर. पहिल्या दिवशी दोन किलोमीटरला २१ मिनिटं लागली आणि धाप लागली. त्यांनी ते स्वतःच्या हाताने लिहिलं. ती ओळ लिहिताना पेन थोडा वेळ कागदावरच थांबलं होतं.

डायरीत नवी चाचणी आणणं हा या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी निर्णय ठरला असं मी आजही मानतो. जुनी वेळ डोळ्यांसमोर असेपर्यंत प्रत्येक दिवस हार होती. नवी चाचणी आल्यावर पहिल्याच महिन्यात २१ चे साडेएकोणीस झाले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा एक आकडा त्यांच्या बाजूने सरकला.

दुसरा निर्णय वेळेचा. आधी मीही पहाटेचीच वेळ दिली होती. पहिल्या रात्रपाळीत ती कोसळली. मग घड्याळ सोडलं आणि व्यायाम पाळीला बांधला. कोणतीही पाळी असो, ड्यूटीवर निघायला दीड तास उरला की व्यायाम सुरू. दिवसपाळीत ती वेळ पहाटे यायची, रात्रपाळीत संध्याकाळी. बूट, पिशवी, पाण्याची बाटली आदल्या झोपेआधी दाराशी मांडलेली. हे त्यांना लगेच पटलं. सामान मांडून झोपणं त्यांना शिकवावं लागलं नाही.

चालण्याचा वेग बोलण्यावर ठेवला : वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. ताकदीसाठी खुर्चीतून उठबस, बुटक्या पायरीवर चढउतार, टाचा उचलणं, जोर आणि दोन्ही हातांत वजन घेऊन चालणं. दुखण्याचा नियम लेखी दिला. शून्य ते दहाच्या मापात तीनच्या आत दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवलं, तर चालू ठेवायचं. त्याच्या पुढे गेलं तर त्या दिवशी थांबायचं आणि मला सांगायचं. "सांगायचं" हा शब्द मी दोनदा अधोरेखित केला होता.

जेवणात पदार्थ बदलले नाहीत. अर्धं ताट भाज्यांचं, जेवण वीस मिनिटं, आणि पुन्हा वाढून घ्यायचं असेल तर वीस मिनिटांनंतर. पाळीवर दर तासाला उठून तीन मिनिटं चालायचं. हे शेवटचं त्यांनी स्वतःहून वाढवलं. संकुलाच्या जिन्यांवरून फेरी मारणं त्यांच्या कामात बसत होतं, फक्त आजवर ते कनिष्ठांना पाठवत आले होते.

दहावा आठवडा

आठ आठवडे ठीक गेले, मग सगळं अडलं. वजन हलेना, पाळी संपेपर्यंत डोळे मिटायचे, दोन सत्रं चुकली. ते पुन्हा आळसावर आले. मी पुन्हा वेळापत्रक तपासत बसलो.

दहाव्या आठवड्यात त्यांच्या पत्नी सोबत आल्या. मी सहज झोपेबद्दल विचारलं. ते म्हणाले, "झोप चांगली आहे." पत्नी काही क्षण गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "हे फार घोरतात. आणि मधेच एकदम थांबतं. श्वासच थांबतो. मी हलवून जागं करते." हे किती दिवसांपासून, असं विचारलं. "वर्ष-दीड वर्ष झालं असेल."

मी टेप काढून मान मोजली. ४४ सेंटिमीटर. पहिल्या दिवशी कंबर मोजली होती, मान नाही. झोपेची तपासणी झाली आणि झोपेत श्वासमार्ग बंद होण्याचा विकार, म्हणजे स्लीप अॅप्निया, निघाला. अशा माणसाला रात्रभर पुन्हा पुन्हा अर्धवट जाग येते आणि सकाळी त्यातलं काही आठवत नाही. दिवसभराचा थकवा, चढलेला रक्तदाब, न हटणारं वजन या सगळ्याला तो हातभार लावतो. डॉक्टरांनी झोपताना लावायचं, हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र दिलं आणि रक्तदाबाची एक गोळी सुरू केली. यंत्राचा मुखवटा अंगवळणी पडायला तीन आठवडे गेले.

त्यानंतरच्या भेटीत ते म्हणाले, "डॉक्टर, मला वाटायचं मी आतून मोडलोय." दोन वर्षं ज्याला हा माणूस स्वतःचा दोष समजत होता, तो मोठ्या अंशी गळ्यातल्या सैल पडलेल्या मांसाचा प्रश्न होता. मला हे पहिल्याच भेटीत विचारता आलं असतं.

चौथा महिना

यंत्रामुळे झोप लागायला लागली, अंगात पुन्हा रग आली आणि त्याच सुमाराला शेजारची पाच-सहा मुलं त्यांच्याकडे आली. त्यांना भरतीची तयारी करायची होती. हे प्रशिक्षक झाले. मला फार आनंद झाला. त्यांना पुन्हा तुकडी मिळाली होती, ठरलेली वेळ मिळाली होती आणि वाट पाहणारं कुणीतरी मिळालं होतं. मी लगेच हो म्हटलं. फक्त एक गोष्ट विचारायची राहिली : मुलं धावतील तेव्हा तुम्ही कुठे असाल?

ते पुढे होते. तेही जुने बूट घालून. दोन आठवडे त्यांनी मला काही सांगितलं नाही. तिसऱ्या आठवड्यात गुडघा नारळासारखा सुजला आणि पाच आठवडे गेले.

तेव्हा आम्ही पुन्हा बसलो आणि दोन मार्ग तोलले. मुलांना शिकवणं थांबवावं किंवा शिकवण्याची पद्धत बदलावी. थांबवणं गुडघ्यासाठी सुरक्षित होतं. पण त्या मुलांमुळे हा माणूस ठरल्या वेळी घराबाहेर पडत होता, आणि ते काढून घेतलं असतं तर बाकी सगळं किती दिवस टिकलं असतं याची मला खात्री नव्हती. मी थांबवू नका म्हटलं. शिट्टी आणि घड्याळ घेऊन मैदानाच्या मधोमध उभं राहायचं, आणि मुलं फेऱ्या मारतील तेवढा वेळ आतल्या बाजूने चालायचं. पळण्याची पद्धत दाखवायची ती मुलांपैकीच एकाला पुढे घेऊन. जुने बूट त्यांनी कपाटात वर ठेवले. मी सांगितलं नव्हतं.

सहाव्या महिन्यापासून चालताना पाठीवर चार किलोची पिशवी दिली, पुढे हळूहळू दहापर्यंत नेली. पट्टे आवळताना, खांद्यावर ओझं नीट बसवताना त्यांचे हात ज्या सराईतपणे फिरले ते पाहून मला वाटलं, हे आधी द्यायला हवं होतं. चालणं म्हाताऱ्यांचं काम आहे असं त्यानंतर त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसलं नाही.

आठव्या महिन्यात धावणं परत आलं. त्याआधी दोन अटी होत्या : अर्धा तास भरभर चालून गुडघा गप्प राहिला पाहिजे आणि प्रत्येक पायावर एकेक करून वीस वेळा टाच उचलता आली पाहिजे. मग एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असे आठ फेरे, आठवड्यातून दोनदाच.

परिणाम

चौदा महिन्यांनंतर वजन साडेएकोणऐंशी किलो, कंबर ९२ सेंटिमीटर. रक्तदाब १२८/८०, गोळी चालू आहे. एचबीए१सी ५.६. खुर्चीतून उठणं तीस सेकंदांत एकोणीस वेळा, जोर चौतीस. दोन किलोमीटर चालायला १६ मिनिटं ५० सेकंद. साडेआठ किलो उतरल्याचा फायदा गुडघ्याला सगळ्यात जास्त झाला. गुडघ्याच्या झिजेवर झालेल्या अभ्यासांत, वजन जितकं उतरतं त्याच्या साधारण चौपट भार प्रत्येक पावलाला गुडघ्यावरून कमी होतो असं दिसलं आहे.

सगळं साधलं नाही. जिना उतरताना गुडघा अजून कुरकुरतो. पाच किलोमीटर सलग धावणं झालेलं नाही, तीनपर्यंत आलं आहे, तेही मधे चालत. रात्रपाळीच्या आठवड्यात एखादं सत्र चुकतंच. यंत्र अजून लागतं. २२ मिनिटं ४० सेकंदांबद्दल शेवटच्या चार भेटींत त्यांनी काही विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

पुन्हा करायचं झालं तर

झोपेचा प्रश्न पहिल्या भेटीत विचारेन आणि घरच्या माणसासमोर विचारेन. घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही. आता माझ्या पहिल्या तपासणीच्या कागदावर कंबरेखाली मानेची ओळ आहे.

भरतीच्या मुलांबद्दल हो म्हणायच्या आधी मैदानावर एकदा जाऊन उभा राहीन. पाच आठवडे माझ्या न विचारलेल्या प्रश्नामुळे गेले. पाठीवरचं ओझं मात्र तिसऱ्या महिन्यातच, दोन-तीन किलोपासून, देऊन पाहीन.

"दुखलं तर सांगा" हे अशा माणसाला पुरत नाही. त्याला तो हुकूम वाटत नाही, सवलत वाटते, आणि सवलत घ्यायची नाही हे तो शिकून आलेला असतो. नंतर आम्ही रोज रात्री एक आकडा मेसेजवर पाठवायचं ठरवलं, शून्य ते दहा. दुखत नसेल तर शून्य पाठवायचा, पण पाठवायचाच. तो अहवाल झाला आणि अहवाल त्यांनी एकदाही चुकवला नाही. पहिल्या आठवड्यापासून हे केलं असतं तर सूज यायच्या आधीच तो आकडा मला दिसला असता.

सगळ्यात मोठा बदल माझ्या हातात नव्हता. निवृत्तीच्या आधीचे सहा महिने, म्हणजे शिट्टी अजून होत असताना, स्वतःची वेळ, स्वतःची चाचणी आणि सोबतीची दोन माणसं ठरवून ठेवली असती, तर मधली दोन वर्षं गेली नसती. त्यांच्या तुकडीतले एक जण पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत. ह्यांनी त्यांना फोन करून डायरी घ्यायला सांगितली आहे, आणि दर रविवारी दोघं एकमेकांना दोन किलोमीटरची वेळ कळवतात.